इंडिगो मरीना टर्बो डिझेल: तिन्ही ऋतूंच्या वापरानंतरचा अनुभव

जुनी टाटा इंडिगो मरीना नाशिकमध्ये घरची एकमेव गाडी म्हणून चालते का? चालते, आणि मनापासून सांगतो, छान चालते. फक्त एक गोष्ट आधी डोक्यात पक्की हवी. या गाडीचा पुढचा भाग सांभाळणं सोपं आहे, मागचा अवघड. बरेच जण उलटं धरून चालतात. इंजिनाच्या धास्तीने गाडी विकून टाकतात, आणि ज्यांनी ठेवली त्यांची गाडी शेवटी एका फुटलेल्या टेललॅम्पपायी दारात उभी राहते.

मरीना 2004 मध्ये आली ती इंडिगोचं स्टेशन वॅगन रूप म्हणून, म्हणजे छत डिक्कीपर्यंत लांबवलेली इंडिगो, आणि इंडिगो उभी होती इंडिकाच्या पायावर. इंडिका आणि इंडिगो 2018 पर्यंत बाजारात होत्या, टॅक्सी म्हणून गावोगाव धावल्या. त्यामुळे 1405 सीसीच्या टर्बो डिझेल इंजिनाचे भाग, क्लच सेट, ब्रेक पॅड, पुढचे लोअर आर्म, हेडलॅम्प, पुढची काच हे सगळं आजही कुठल्याही बऱ्या स्पेअर पार्टच्या दुकानात मिळतं किंवा दोन दिवसांत येतं. मिस्त्रीलाही हे इंजिन तोंडपाठ असतं. पण मागची मोठी काच, बाजूच्या त्या अचल काचा, टेललॅम्प, मागचा बंपर, पाचव्या दाराचं (म्हणजे मागे वर उघडणाऱ्या दाराचं) रबर आणि कुलूप हे फक्त मरीनाचं. मरीना विकल्याच थोड्या गेल्या, म्हणून भंगारातही थोड्याच येतात. त्यात अंबड–सातपूर लिंक रोडचा भंगार बाजार महापालिकेने 2017 मध्ये उठवल्यापासून जुन्या भागांची शोधाशोध लांबली आहे. कुर्ल्यापर्यंत फोन फिरवावे लागतात.

म्हणून टेललॅम्पची जोडी दिसली की लगेच घेऊन ठेवा, गरज नसली तरी. घेताना दिव्याची पुढची काच बघू नका, मागे बल्बहोल्डर बसतो ते प्लास्टिक आणि दिवा ज्यांनी गाडीला बसतो ते स्क्रूचे कान बघा. पुढची काच पॉलिश होते, तुटलेला कान जोडला तरी हादऱ्याने पुन्हा जातो. दाराचं रबर नवं मिळालं तर घडी घालून ठेवू नका, टाल्कम पावडर लावून सैल वेटोळं करून ठेवा.

पाचव्या दाराचं रबर हा दिसायला किरकोळ पण माझ्या मते या गाडीतला सगळ्यात महत्त्वाचा भाग आहे. वॅगन चालत असताना तिच्या मागे हवा कमी दाबाची होते आणि सायलेन्सरचा धूर तिथेच घुटमळतो. रबर चपटं झालं असेल आणि पुढच्या खिडक्या उघड्या असतील तर तोच धूर आत ओढला जातो. मागे बसलेल्या मुलांना मळमळतं आणि घरचे म्हणतात, गाडी लागली. तपासायचं असं: कागदाची लांब पट्टी चौकटीवर ठेवून दार लावा आणि पट्टी ओढा. घट्ट यायला हवी. सहज सुटली तर त्या जागी रबर मेलं आहे. नवं रबर आणण्याआधी चौकटीवरचा, कुलूप ज्यात अडकतं तो आकडा (हूक) बघा. तो दोन बोल्टवर असतो. बोल्ट सैल करून आकडा एखाद-दोन मिलिमीटर आत घेतला की बऱ्याचदा रबरावर पुरेसा दाब येतो.

दार वर धरणारे गॅसचे दांडे मरीनाचेच हवेत असा आग्रह नको. उघडलेली लांबी, मिटलेली लांबी, टोकाच्या गोळीचा आकार आणि नळीवर छापलेला न्यूटनचा, म्हणजे जोराचा आकडा एवढं जुळलं की दुसऱ्या गाडीचे चालतात. बदलताना जोडीनेच बदला. एक नवा आणि एक थकलेला असला की दार पीळ खातं आणि बिजागरीपाशी पत्रा चिरतो.

मागचा वायपर बंद, नंबर प्लेटचा दिवा कधी लागतो कधी नाही, काचेवरचं धुकं जात नाही: तिन्ही तक्रारी एकत्र आल्या तर मोटर बदलू नका. छत आणि दार यांच्यामध्ये रबराची नळी असते, तिच्यात तारा तुटलेल्या असतात. दर वेळी दार उघडताना त्या वाकतात, वर्षानुवर्षांनी आतलं तांबं तुटतं आणि बाहेरचं प्लास्टिक मात्र अखंड दिसतं. रबर सरकवून एकेक तार हलकेच ओढा. तुटलेली तार च्युइंगगमसारखी ताणली जाते. जोडायला मऊ, बहुपदरी तार घ्या, सोल्डर करा, वर गरम केल्यावर आकसणारी नळी चढवा आणि सगळे सांधे एकाच ठिकाणी येऊ देऊ नका. शक्यतो सांधे वाकणाऱ्या भागाच्या बाहेर, छताच्या आत न्या. नुसती पीळ मारून टेप गुंडाळली तर पुढच्या पावसाळ्यात तेच काम पुन्हा.

पाण्याचंही असंच. इगतपुरीच्या पावसात दिवसभर फिरून आल्यावर डिक्कीतला गालिचा उचलून कोपऱ्यातल्या पत्र्याला हात लावून बघा. ओल असेल तर बहुतेक वेळा काचेतून नव्हे, टेललॅम्पच्या मागच्या फोमच्या गॅस्केटमधून पाणी आलेलं असतं. दिवा काढा, जुना फोम खरवडून टाका, बंद पेशींचा, म्हणजे पाणी न शोषणारा फोम लावा. सिलिकॉन थापू नका, पुढच्या वेळी दिवा काढताना तो कान घेऊनच निघेल. दारांच्या खालच्या कडेची पाणी जायची भोकं मे महिन्यातच केबल टायने मोकळी करून घ्या. द्राक्षपट्ट्यात फिरणाऱ्या गाड्यांमध्ये तिथे मातीचा अक्षरशः गिलावा बसलेला असतो आणि गंज तिथूनच सुरू होतो.

आता मागचं सस्पेन्शन. इंडिकापेक्षा इंडिगोचं वेगळं आहे, दोन्ही मागची चाकं स्वतंत्र स्ट्रटवर (स्प्रिंग आणि शॉकअॅब्सॉर्बर एकत्र असलेला खांब) आणि तीन लिंकवर (चाक जागेवर धरणारे दांडे). भरल्या गाडीत आराम याच्यामुळेच मिळतो, आणि खर्चही याच्यामुळेच होतो. लिंकांची रबर बुशं थकली की चाक किंचित तिरकं चालतं आणि मागचा टायर आतल्या बाजूने खाल्ला जातो. बाहेरून टायर नवा दिसतो म्हणून लक्ष जात नाही. टायरच्या आतल्या कडेवरून तळवा पुढे-मागे फिरवा. एका दिशेने गुळगुळीत आणि उलट दिशेने करवतीसारखं लागलं तर बुश किंवा अलाइनमेंट गेलं. बुशं सगळी एकदम बदला, आणि त्यांचे बोल्ट गाडी चाकांवर उभी असतानाच शेवटचे आवळायला सांगा. लिफ्टवर लटकत्या चाकांनी आवळले तर गाडी खाली येताच रबर पिळलेलंच राहतं आणि लवकर फाटतं. हे बऱ्याच गॅरेजमध्ये पाळलं जात नाही, समोर उभं राहून करून घ्या. नंतर अलाइनमेंट चारही चाकांचं, फक्त पुढचं नको.

ओझ्याखाली मागची बाजू बसते म्हणून स्प्रिंगमध्ये रबराचे ठोकळे घालायचा सल्ला मिळेल. घालू नका. स्प्रिंगचा तेवढा वेढा काम करणं बंद करतो आणि हादरा थेट पत्र्यावर जातो. 175/65 आर 14 चे टायर आहेत. एरवी 30 पीएसआय आणि पाच माणसं सामानासह असतील तर मागे 33 ठेवलं की गाडी नीट वागते. द्राक्षाचे क्रेट किंवा कांद्याच्या गोण्या न्यायच्या तर जड माल मागच्या सीटच्या पाठीला टेकवून, खाली, आणि बांधून. सेडानसारखी मध्ये भिंत नाही. जोरात ब्रेक लागला तर वीस किलोचा क्रेट थेट माणसांच्या मानेवर येतो.

इंजिनाला दोनच गोष्टींचं भय आहे: उष्णता आणि टायमिंग बेल्ट, म्हणजे पिस्टन आणि व्हॉल्व्ह यांची चाल जुळवून ठेवणारा पट्टा. बेल्ट तुटला की व्हॉल्व्ह पिस्टनवर आपटतात, मग हेडचं काम जवळजवळ गाडीच्या किमतीला जाऊन भिडतं. जुनी गाडी घेतली आणि बेल्ट कधी बदलला याची पावती नसेल तर पहिलं काम तेच. बेल्टबरोबर त्याला ताणून धरणारा टेन्शनर आणि वळवणारा आयडलर बदलाच, आणि पुढचा क्रँक सील पाझरत असेल तर तोही. बेल्टच्या रबराला ऑइल लागलं की किलोमीटरचा हिशोब उरत नाही.

उष्णतेची खरी परीक्षा कसारा घाटात, मुंबईहून परतताना, एसी चालू आणि गाडी भरलेली असताना. कुलंटमध्ये बोअरचं पाणी कधीही नको, त्यातल्या क्षारांनी रेडिएटरच्या नळ्या आतून बुजतात. डिस्टिल्ड पाणी आणि कुलंट निम्मे निम्मे. भरताना गाडीचं तोंड चढाकडे करून उभी करा आणि हीटर पूर्ण गरमवर ठेवा, म्हणजे अडकलेली हवा निघते. रेडिएटरचं झाकण थकलं तर दाब धरत नाही आणि पाणी लवकर उकळतं. स्वस्त भाग आहे, शंका आली की बदला. एसी लावल्यावर पंखा फिरतो की नाही हे महिन्यातून एकदा बॉनेट उघडून बघा. घाटात काटा नेहमीच्या जागेवरून वर सरकला तर एसी बंद, हीटर पूर्ण, बाजूला घेऊन इंजिन थोडा वेळ चालूच ठेवा. झाकणाला हात लावायचा नाही. आणि वर पोचल्यावर लगेच चावी फिरवू नका. टर्बो तापलेला असतो, मिनिटभर इंजिन शांत चालू दिलं की त्याच्या बेअरिंगमधलं ऑइल जळत नाही.

सकाळी उशिरा स्टार्ट होते, ही तक्रार थंडीत हमखास येते, विशेषतः निफाडकडे पारा उतरतो तेव्हा. कारणं दोन, आणि दोन्ही घरी ओळखता येतात. पांढरा धूर सोडत, अडखळत सुरू झाली तर ग्लो प्लग, म्हणजे थंड इंजिन तापवणारे प्लग. चार असतात. जोडणीची पट्टी काढून मल्टिमीटरने प्रत्येकाचं टोक आणि इंजिनाचा धातू यांच्यामधला रोध मोजा. चांगला प्लग एक ओहमच्या आसपास दाखवतो, मेलेल्याला मीटर जोडणी तुटल्यासारखंच (OL) दाखवतो. काढण्याआधी रात्रीच गंज सोडवणारं तेल मारून ठेवा आणि इंजिन कोमट असताना सैल करा. प्लग हेडमध्येच तुटला तर काम वाढतं. दुसरं कारण डिझेलच्या लाइनमध्ये हवा. रात्रभरात डिझेल मागे उतरतं आणि सकाळी बराच वेळ सेल मारावा लागतो. फिल्टर आणि पंप यांच्यामध्ये तात्पुरती पारदर्शक नळी लावा. बुडबुडे दिसले तर पंपाला हात न लावता आधी इंजेक्टरच्या परतीच्या बारीक रबरी नळ्या बदला, चिरा तिथेच पडतात. इंजेक्टर उघडावेच लागले तर खालचे तांब्याचे वॉशर नवेच घाला. या बाबतीत नाशिककर नशीबवान. सातपूरच्या ज्या बॉशच्या कारखान्याला जुनी माणसं अजून मायको म्हणतात तिथे इंजेक्टर आणि नोझल बनतात, आणि शहरात डिझेल पंपाचं काम जाणणारे हात पिढ्यांपासून आहेत.

ब्रेकबद्दल एक गोष्ट वेगळी सांगायला हवी. या डिझेल इंजिनात ब्रेकला जोर देणारा व्हॅक्युम पंप अल्टरनेटरच्या पाठीवर बसतो आणि त्याला इंजिनाचंच ऑइल मिळतं. त्याचा सील गेला की ऑइल अल्टरनेटरमध्ये उतरतं. म्हणजे चार्जिंग कमी होणं आणि ब्रेकचं पेडल कडक होणं हे दोन वेगळे आजार वाटतात, पण मूळ एकच असू शकतं. तपासणी अशी: इंजिन बंद ठेवून पेडल चार-पाच वेळा दाबा, ते कडक होईल. पाय तसाच ठेवून स्टार्ट करा. पेडल थोडं खाली गेलं पाहिजे. गेलं नाही तर सप्तशृंगी गडावर जायचा बेत पुढे ढकला. गडावरून नांदुरीकडे उतरताना तसाही दुसरा गिअर धरून यावं, नुसत्या ब्रेकवर नाही.

मायलेज शहरात 14 च्या आसपास, पुण्याच्या रस्त्याला 17-18, टाकी ते टाकी भरून मोजलेलं. कमी गतीला टर्बो जागा व्हायला वेळ घेतो, म्हणून द्वारका चौकातल्या गर्दीत अर्ध्या क्लचवर रेंगाळू नका. पहिल्या गिअरमध्ये क्लच पूर्ण सोडला तर क्लच प्लेट कितीतरी जास्त टिकते.

कागदपत्रांचा खर्च मात्र आधीच धरून ठेवा. खासगी गाडीची नोंदणी 15 वर्षांची, नंतर तपासणी करून पाच-पाच वर्षांनी नूतनीकरण, त्यासाठी फॉर्म 25. म्हणजे 2006 ची गाडी 2021 नंतर पुन्हा 2026 ला पेठ रोडच्या आरटीओत जाणार. कारसाठी हे शुल्क 5,000 रुपये होतं, 20 वर्षांवरच्या गाडीला 2025 पासून 10,000 झालं. त्यावर 15 वर्षांपुढच्या डिझेल गाडीला पाच वर्षांचा पर्यावरण कर 3,500. थर्ड पार्टी विमा 1000 ते 1500 सीसीच्या टप्प्यात 3,416, जीएसटी वेगळा. तपासणीला नेण्याआधी ज्या गोष्टींवर गाडी परत पाठवतात त्या घरीच बघून घ्या: हँडब्रेक, मागचे सगळे दिवे, नवी (हाय सिक्युरिटी) नंबर प्लेट आणि धूर. धुरासाठी एअर फिल्टर नवा घाला, टर्बोची हवा थंड करणाऱ्या इंटरकूलरच्या रबरी पायपांचे क्लँप आवळा आणि आधी चांगला अर्धा तास हायवेला गाडी पळवून मग पीयूसीला उभी करा. थंड इंजिनावर धूर नेहमीच जास्त दाखवतो.