इंजिन नंबर तोच, इंजिन दुसरंच

घरात जुनी येझदी, जावा किंवा राजदूत उभी असेल आणि "आता शिकून आपणच चालू करू" असं डोक्यात घोळत असेल, तर गाडी कुठल्या गॅरेजला लावायच्या आधी हे वाचा. गॅरेजवाल्याचं नाव आणि चौक मुद्दाम लिहीत नाही. तक्रार दिली आहे, तिचं व्हायचं ते होईल. नाव लिहिलं तर तुम्ही तेवढं एक दुकान टाळाल आणि हीच युक्ती दुसरा कुणी तुमच्यावर वापरेल. त्यापेक्षा युक्ती कळलेली बरी.

गाडी मामाची, 1982 ची येझदी 250. मामा गिरणीत होता. गिरणी बंद पडली, घरातलं बरंच काही विकलं गेलं, गाडी मात्र त्यानं विकली नाही. ती माझ्याकडे आली तेव्हा चालू होती, फक्त एक खोड होती. घरातून निघून सोलापुरातल्या होटगी रोडला लागेपर्यंत मस्त, मग फटफट करत बंद. सावलीत थोडा वेळ उभी केली की पुन्हा एका किकमध्ये चालू. ही खोड लक्षात ठेवा, सगळा पैसा हिच्या नावानं गेला.

गॅरेजवर "जावा-येझदी स्पेशालिस्ट" अशी पाटी होती. मिस्त्री पन्नाशीचा, बोलायला गोड. गाडी बघून म्हणाला, "सर, मी करून देतो, पण तुम्ही शिका की. रविवारी या, शेजारी बसा, हात काळे करा. उद्या मी नसलो तरी तुमचं अडायला नको." शिकवणीचे पाच हजार वेगळे. मला तर हेच हवं होतं.

आणि माणसानं शिकवलं, हे कबूल करायला हवं. प्लग काढून त्याचा रंग वाचायचा: चॉकलेटी असेल तर ठीक, काळा-तेलकट असेल तर हवा-पेट्रोलचं मिक्श्चर जाड, म्हणजे पेट्रोल जास्त, पांढरट असेल तर पातळ. लिटरमागे 40-50 मिली टू-स्ट्रोक ऑईल, तेही आधी डब्यात हलवून मग टाकीत. पॉइंटची, म्हणजे उघडमीट करून प्लगला ठिणगी देणाऱ्या स्विचची, गॅप फीलर गेजनं (मापाच्या पातळ पट्टीनं) 0.4 मिमी. यातलं काहीही खोटं नव्हतं. म्हणूनच पुढचं खोटं खपलं.

पहिलं खोटं धुराचं. गाडी निळसर-पांढरा धूर टाकायची. मिस्त्री म्हणाला, "रिंग-पिस्टन गेलं." माझा आजवरचा संबंध फोर-स्ट्रोक गाड्यांशी, तिथे निळसर धूर म्हणजे बहुतेक रिंगच, त्यामुळे पटलं. पण टू-स्ट्रोकमध्ये तेल पेट्रोलबरोबरच जळतं, थोडा धूर असणारच. तो जास्त झाला तर आधी पेट्रोलमधल्या तेलाचं प्रमाण बघायचं, मग गिअरबॉक्सची ऑईल लेव्हल. लेव्हल उतरत असेल तर डाव्या बाजूचं क्रँकचं (पिस्टन ज्याला फिरवतो त्या दांड्याचं) ऑईल सील फाटलंय आणि इंजिन गिअरऑईल ओढून जाळतंय. सीलचा खर्च किरकोळ असतो. त्यासाठी ब्लॉक, म्हणजे सिलेंडर, उतरवायचं कारण नाही.

ब्लॉक उतरल्यावर दुसरं खोटं आलं, आणि हे मला अजूनही कौतुकास्पद वाटतं, इतकं साधं आहे. त्यानं माझ्याच हातात कनेक्टिंग रॉड (पिस्टन आणि क्रँक जोडणारा दांडा) दिला. म्हणाला, "हलवा सर." डावी-उजवीकडे हलवला, खटखट हलला. "बघा किती प्ले! क्रँक संपला." मी स्वतःच्या हातानं हलवून बघितलेलं, मग शंका कशाची घ्यायची? आता माहीत आहे की रॉडला बाजूचा प्ले असायलाच हवा, त्याच फटीतून तेल बिग एंडच्या (रॉडच्या क्रँककडच्या टोकाच्या) बेअरिंगपर्यंत पोचतं. बघायचा असतो तो वर-खाली प्ले. क्रँक वरच्या टोकाला आणायचा, रॉड दोन्ही हातांनी धरून सरळ वर ओढायचा, खाली दाबायचा. तिथे टक् असं जाणवलं तर बेअरिंग गेलं. त्यानं वर-खाली हलवायला एकदाही सांगितलं नाही. बाजूचा प्ले दाखवून क्रँक काढणारा मिस्त्री भेटला तर तिथेच थांबा.

तिसरी गोष्ट मला फार उशिरा जाणवली. महत्त्वाचं काही खोलायची वेळ आली की मला काम निघायचं. "सर, तेवढं सील आणता का, माझा पोरगा चुकीचं आणतो." किंवा "गॅस्केट पेपर संपलाय बघा." मी शिकाऊ, उत्साहानं पळायचो. परत आलो की काढलेले पार्ट एका तसराळ्यात रॉकेलमध्ये पडलेले आणि त्यातला एखादा "भंगारात टाकला सर, बघण्यासारखा नव्हता". त्याच्या जागी कागदात गुंडाळलेला "नवा".

जुन्याला एवढं मोल का, हे माहीत नसणाऱ्यांसाठी. जावा-येझदी म्हैसूरच्या आयडियल जावा कारखान्यात बनायच्या. तो 1996 मध्ये बंद पडला. 2018 मध्ये जावा आणि 2022 मध्ये येझदी नव्यानं बाजारात आली, पण ती फोर-स्ट्रोक, पाण्यानं थंड होणारी इंजिनं. त्यांचा एक बोल्टही आपल्या गाडीच्या कामाचा नाही. म्हणजे कारखान्यातून आलेला क्रँक, ब्लॉक, जिकोव्ह कंपनीचा कार्बोरेटर जेवढे शिल्लक आहेत तेवढेच. बाकी सगळा लोकल माल. पुण्या-मुंबईकडे गाडी मूळ रूपात उभी करणारे हौशी लोक मूळ पार्टला चांगले पैसे देतात. मला ते माहीत नव्हतं, मिस्त्रीला होतं.

क्रँककेसवर इंजिन नंबर ठोकलेला असतो आणि तो आरसी बुकात असतो, म्हणून केसला कुणी हात लावत नाही. बाहेरून नंबर जुळतो, मालक खूश. आतलं मात्र कुठल्याच कागदावर नसतं.

बिल झालं चोवीस हजार, शिकवणी धरून. पावती नाही, वहीचं फाडलेलं पान आणि त्यावर "इंजिन काम" एवढंच. गाडी घेऊन निघालो आणि होटगी रोडला लागल्यावर ती फटफट करत बंद. आधी होती तीच खोड. वर नवीन थरथर, आणि पिकअप गेलेला. मिस्त्रीचं म्हणणं, "रनिंगमध्ये येऊ द्या, बसेल."

याच काळात त्यानं कागदपत्रांचा विषय काढला. आरसीची मुदत संपलेली. "सर, ही व्हिंटेज गाडी. व्हिंटेज रजिस्ट्रेशन करून देतो, आपला माणूस आहे. अठरा हजार, आठ आधी." आठ दिले. मग आरटीओत सहज चौकशी केली तर खिडकीवरच्या बाई हसल्याच. जुलै 2021 मध्ये केंद्रानं व्हिंटेज वाहनांचे नियम आणले, त्यात गाडी पन्नास वर्षांहून जुनी लागते आणि मूळ रूपातली लागते. नव्या नोंदणीचं शुल्क 20,000, नूतनीकरणाचं 5,000, आणि अशी गाडी रोज वापरताही येत नाही. मामाची 1982 ची येझदी 2032 पर्यंत त्यात बसत नाही. आपल्याला हवं असतं ते साधं आरसीचं नूतनीकरण: फॉर्म 25, गाडी नेऊन तपासणी, पुढची पाच वर्षं मोकळी. शुल्क परिवहनच्या पोर्टलवर दिसतं आणि पावती तिथूनच निघते. 1980 च्या दशकातल्या गाडीला व्हिंटेज नंबर काढून देतो म्हणणारा माणूस तुमच्या पैशानं नक्की काय करणार आहे, ते विचारा.

तेव्हा माझा संशय जागा झाला. आमच्या गल्लीत एक अण्णा आहेत, गिरणीत फिटर होते, तरुणपणी स्वतः जावा चालवायचे. त्यांनी गाडी ओट्यापुढे घेतली. संध्याकाळी दिवा न लावता पॉइंटचं झाकण काढून म्हणाले, "मार किक." पॉइंटच्या तोंडाशी पिवळट ठिणग्या उडत होत्या. "कंडेन्सर गेलाय बे. गरम झाला की जीव सोडतो. तुझ्या त्या शहाण्यानं चोवीस हजारात एवढं बदललं नाही?" कंडेन्सर म्हणजे पॉइंटवर ठिणगी उडू न देणारा छोटा पार्ट. तो आणला, शंभराची नोट मोडली, थोडे परतही आले. पॉइंट घासून साफ केले, गॅप लावली. तेव्हापासून गाडी गरम होऊन बंद पडलेली नाही.

थरथर मात्र तशीच. अण्णांनी हेड उघडायला लावलं, चार नट असतात, काही अवघड नाही. पिस्टनच्या डोक्यावर ठसा होता 1.00, म्हणजे मूळ मापाहून 1 मिमी मोठा. मी फोन काढला. शिकताना पुन्हा जोडायला चुकू नये म्हणून मी प्रत्येक टप्प्याचे फोटो काढत होतो. पहिल्या रविवारच्या फोटोत मामाच्या पिस्टनवर ठसा होता 0.25. म्हणजे मूळ 65 मिमीच्या बोअरवर (सिलेंडरच्या आतल्या व्यासावर) एकच बोअरिंग झालेलं. मिस्त्रीनं मला सांगितलेलं 0.50 घातलंय म्हणून. प्रत्यक्षात शेवटच्या मापाला पोचलेला ब्लॉक बसवलेला. आता तो पुन्हा बोअर करता येणार नाही, आतून नवी नळी, म्हणजे स्लीव्हच टाकावी लागेल. आणि तो ब्लॉक मामाचा नव्हताच. मामा एकदा गड्ड्याच्या जत्रेच्या गर्दीतून परतताना पडला होता, तेव्हा ब्लॉकची एक फिन (इंजिन थंड ठेवणारी बाहेरची पट्टी) तुटली होती. फोटोत तुटलेली दिसते, समोरच्या ब्लॉकच्या सगळ्या फिन शाबूत.

हेड उघडं होतं म्हणून अण्णांनी टायमिंगही, म्हणजे ठिणगी नेमकी कधी पडते तेही, बघितलं. व्हर्नियरच्या शेपटीनं पिस्टनची खोली मोजायची, पॉइंटमध्ये सिगारेटचा पातळ कागद धरून हलका ताण द्यायचा, क्रँक हळू फिरवायचा. कागद सुटला तिथे पॉइंट उघडतात. या इंजिनला ते पिस्टन माथ्यावर पोचायच्या साधारण 3 मिमी आधी व्हायला हवं. आमचा कागद माथ्याच्या अगदी जवळ सुटला. पिकअप कुठे गेला होता ते कळलं. पाच हजार देऊन शिकलो नाही ते ओट्यावर चहाच्या कपावर शिकलो.

मिस्त्रीकडे अण्णांना घेऊनच गेलो. "जुने पार्ट कोण सांभाळतं सर, भंगारवाला घेऊन गेला." फोटो दाखवले. जरा वेळ गप्प. मग पत्र्याचा ड्रॉवर ओढून एक जिकोव्ह कार्बोरेटर काढला, "हा घ्या, तुमचाच, चुकून राहिला." मामानं आमच्या कार्बोरेटरवर पंचनं तीन ठिपके मारले होते. यावर ठिपके नव्हते. कुणा तिसऱ्याचा पार्ट देऊन तो मला गप्प करत होता. मी तो घेतला नाही, फोटो काढला आणि निघालो. ब्लॉक, क्रँक, कार्बोरेटर, तिन्ही गेले ते गेले. व्हिंटेजच्या आठ हजारांपैकी पाच परत मिळाले.

चौकीत पहिला प्रश्न, पावती कुठाय? वहीचं पान बघून हवालदारानं ते परत माझ्याकडे सरकवलं. उपयोगी पडले ते यूपीआयचे व्यवहार आणि तारखेसकट फोटो. लेखी अर्ज दिला, पोच घेतली. ओळखीच्या वकिलांनी सांगितलं की दुरुस्तीला सोपवलेली वस्तू परस्पर विकणं भारतीय न्याय संहितेच्या कलम 316 मध्ये, म्हणजे विश्वासघातात बसू शकतं, आणि फसवणूक कलम 318 मध्ये. त्याच्या जोडीला जिल्हा ग्राहक आयोगात तक्रार दिली. घटनेपासून दोन वर्षांच्या आत द्यावी लागते, पाच लाखांपर्यंतच्या प्रकरणाला शुल्क नाही. काय करायचं ते सुचत नसेल तर 1915 या ग्राहक हेल्पलाइनला फोन करा, मराठीत बोलतात.

गाडी लावताना वहीच्या पानावर का होईना, मिस्त्रीच्या हातानं लिहून घ्या: कार्बोरेटरवरची अक्षरं, पिस्टनचं माप, आणि "काढलेले सर्व जुने पार्ट मालकाला परत". हे लिहायला जो कुरकुरेल त्याच्याकडे गाडी ठेवू नका. चांगले मिस्त्री सोलापुरात आहेत, ते न सांगताच जुने पार्ट पिशवीत घालून देतात. इंजिन उघडायच्या आधी ब्लॉक, कार्बोरेटर आणि क्रँककेसवर बारीक पंच मारून ठेवा, आणि सील आणायला स्वतः जाऊ नका, पोराला पाठवू द्या, चुकीचं आणलं तर आणलं.

मिस्त्रीनं बसवलेला तो ब्लॉक आता स्लीव्ह टाकायला एमआयडीसीतल्या लेथवाल्याकडे दिलाय, मापाच्या नोंदीसकट.

आणि एक. त्या ड्रॉवरमधल्या जिकोव्हच्या झाकणावर निळ्या ऑईलपेंटचा डाग आहे आणि बाजूचा एक स्क्रू पितळी आहे, बाकीचे लोखंडी. गेल्या वर्षभरात कुणाची निळी जावा किंवा येझदी सोलापुरात कुठे उघडली असेल, तर आपला कार्बोरेटर एकदा बघून घ्या. फोटो माझ्याकडे आहे, तक्रारीला जोडायला देईन.