पिकलबॉल पॅडल: कार्बन की फायबरग्लास?
पिकलबॉल हा नेटवरून प्लास्टिकचा चेंडू मारायचा खेळ, पॅडल म्हणजे त्याची बॅट. फायबरग्लासचा पृष्ठभाग लवचीक असल्याने कमी जोरातही चेंडू लांब जातो. पण नेटजवळ ‘डिंक’, म्हणजे पलीकडे अलगद टाकायचा फटका, मारताना तोच चेंडू नको तितका उठतो. कच्चा कार्बन, म्हणजे वर लेप नसलेलं कार्बन फायबर, ताठ आणि खरखरीत: फिरकी, ताबा जास्त, किंमतही जास्त. ही खरखर खेळून झिजतेच. त्यात अडकलेलं चेंडूचं प्लास्टिक खास रबराने पुसत राहावं. फायबरग्लासवर फवारलेली खरखर तर त्याहून लवकर जाते.

टिकाऊपणा मात्र आतल्या पॉलिप्रॉपिलीन या प्लास्टिकच्या, मधाच्या पोळ्यासारख्या जाळीवरही ठरतो. १६ मिमी जाडीत ताबा, १३ मिमीत वेग. टिचकी मारल्यावर एखाद्या जागी बद्द आवाज आला, तर तिथली जाळी दबलीय किंवा थर सुटलाय. उन्हात बंद गाडीत ठेवलं, तर महागड्या पॅडलचाही गोंद सैल पडतो. नियमित खेळणाऱ्याने १६ मिमी कार्बन घ्यावं. नवशिक्याला फायबरग्लास पुरतं.