जुन्या रोडस्टरची ऑइल गळती: दुरुस्तीनंतर एक हिवाळा

माझी गाडी १९९१ ची युनोस रोडस्टर, म्हणजे जपानी बाजारासाठी बनलेली माझदा एमएक्स-५, १.६ लिटर इंजिनाची. जपानात वापरून झालेल्या अशा बऱ्याच गाड्या नंतर ब्रिटनमध्ये आल्या, त्यातलीच ही एक. उन्हाळा संपता संपता तिची ऑइल गळती काढली आणि त्यानंतर अख्खा हिवाळा गाडी रोज चालवली. दुरुस्ती टिकली की नाही हे आता खात्रीने सांगता येईल, म्हणून सविस्तर लिहितोय.

थेंब पडायचा तो इंजिन आणि गिअरबॉक्सच्या सांध्याखाली. तिथे ऑइल दिसलं की गॅरेजवाले सहसा एकच निदान करतात: क्रँकचं (इंजिनातल्या मुख्य फिरत्या दांड्याचं) मागचं सील गेलं. मलाही तेच सांगितलं गेलं. या गाडीत ते सील बदलायचं तर गिअरबॉक्स उतरवावा लागतो, आणि त्यासाठी गिअरबॉक्सपासून डिफरन्शियलपर्यंत (मागच्या चाकांना ताकद वाटून देणाऱ्या पेटीपर्यंत) जाणारी लांब ॲल्युमिनियमची फ्रेमही सोडवावी लागते. सील स्वस्तच असतं, पैसे जातात ते मजुरीत. म्हणूनच होकार देण्याआधी गळतीचा उगम वरून शोधा, असं माझं कळकळीचं सांगणं आहे.

कारण ऑइल खाली ओघळतं आणि चालत्या गाडीत वाऱ्याने मागे जातं. या इंजिनात हेडच्या, म्हणजे इंजिनाच्या वरच्या भागाच्या, अगदी मागच्या टोकाला, फायरवॉलजवळ (इंजिन आणि केबिनमधल्या पत्र्याजवळ), कॅम अँगल सेन्सर बसतो. व्हॉल्व्ह उघडणारा कॅमचा दांडा कुठवर फिरलाय ते हा सेन्सर सांगतो. त्याच्या गळ्यात एक छोटी ओ-रिंग (रबरी कडी) असते. वर्षानुवर्षं हेडच्या उष्णतेने ते रबर कडक होतं. मग ऑइल हेडच्या मागून बेल हाऊसिंगवर (गिअरबॉक्सच्या इंजिनाला जोडलेल्या पुढच्या आवरणावर) उतरतं आणि खालून बघणाऱ्याला गळती मागच्या सीलचीच वाटते.

आधी डीग्रीझर मारून इंजिनाची मागची बाजू लख्ख केली. ऑइलमध्ये यूव्ही डाय (यूव्ही दिव्याखाली चमकणारा रंग) टाकला, गाडी फिरवून आणली आणि अंधारात यूव्ही दिवा धरला. बेल हाऊसिंग उजळलं होतंच, पण आरसा मागे सरकवला तेव्हा सेन्सरच्या खालच्या कडेपासून सरळ खाली आलेली पिवळी-हिरवी रेघ दिसली. एक गोष्ट लक्षात ठेवा: या गाडीचा ऑइल फिल्टर इनटेक मॅनिफोल्डखाली (इंजिनात हवा नेणाऱ्या नळ्यांखाली) आहे आणि काढताना ऑइल सांडतंच. ते पुसलं नाही तर पुढचे कित्येक दिवस तीच गळती वाटत राहते.

सेन्सर काढण्याआधी त्याच्या आणि हेडच्या कडेवर रंगाची खूण करा, म्हणजे टायमिंगला (ठिणगी पडण्याच्या वेळेला) फारसा धक्का लागत नाही. बोल्ट १२ च्या पान्याने सुटतो, पण कॉइल आड येते आणि सगळं काम चाचपडतच करावं लागतं. जुनी रिंग चौकोनी झाली होती, नख रुतत नव्हतं, आणि उचकटताना तिचे तुकडे पडले. नवी व्हायटॉनची घातली, कारण हे रबर उष्णता आणि ऑइल दोन्ही चांगलं सोसतं. नंतर डायग्नोसिस बॉक्समधल्या (तपासणीच्या जोडणीपेटीतल्या) टेन आणि जीएनडी या दोन पिना जोडून टायमिंग लाइटने १० अंश तपासून घेतले. ही पायरी टाळू नका.

त्याच बैठकीत टॅपेट कव्हरचं (हेडवरच्या झाकणाचं) पॅकिंगही बदललं. त्याचे बोल्ट फक्त ५ ते ९ न्यूटन-मीटरला आवळायचे असतात. गळतंय म्हणून जोर लावला की पॅकिंग चेपतं आणि गळती वाढते. कॅमच्या कमानी जिथे संपतात त्या कोपऱ्यांवर सीलंटचा छोटा ठिपका हवाच. क्रँककेसमधले (इंजिनाच्या खालच्या पोकळीतले) वायू बाहेर सोडणारा पीसीव्ही व्हॉल्व्हही नवा टाकला. तो तुंबला तर क्रँककेसमध्ये दाब साचतो आणि नवी सीलंही ऑइल सोडू लागतात.

आता अनुभव. बेल हाऊसिंग कोरडं आहे. गाडीखाली पसरलेल्या पुठ्ठ्यावर मागच्या बाजूला डाग नाही, आणि सिग्नलला थांबल्यावर येणारा जळक्या ऑइलचा वास गेला. ऑइल १०डब्ल्यू-४० च ठेवलंय, जाड केलं नाही. गळती थांबवणारी बाटलीतली औषधं मी वापरली नाहीत आणि सुचवणारही नाही. रबर फुगवून ती थोडे दिवस निभावून नेत असतील, पण तुकडे पडणारी रिंग त्यांनी सुधारत नाही.

एमओटीची (ब्रिटनमधल्या वार्षिक वाहन तपासणीची) धास्ती असणाऱ्यांसाठी: नुसत्या ओलसरपणावर गाडी नापास होत नाही. ५ मिनिटांत ७५ मिलिमीटरपेक्षा मोठं थारोळं जमलं तर होते. तरी ऑइल हीटरच्या नळ्यांवर ठिबकत असेल तर थांबू नका, त्या नळ्या मऊ पडून फुटतात आणि मग कूलंटच जातं.

पुढच्या क्रँक सीलपाशी मात्र अजून थोडा ओलावा आहे. तिथवर पोचायला पुली आणि टायमिंग बेल्ट उतरवावाच लागतो, त्यामुळे बेल्टची मुदत भरली की ते सील, दोन्ही कॅम सील आणि वॉटर पंप एकत्रच बदलणार आहे. तोपर्यंत दर रविवारी डिपस्टिक बघतो.