बंब घ्यायचाय: तांब्याचा की स्टीलचा?

पाच-सहा जणांच्या आंघोळीसाठी लाकडावरचा बंब घ्यायला गेलं, की दुकानदार आधी तांब्याचा दाखवतो. ‘पाणी झटकन तापतं, जळण निम्मं लागतं.’ तांबं स्टेनलेस स्टीलच्या वीसेक पट उष्णतावाहक आहे, हे खरं. पण बंबाचा पत्रा मुळातच पातळ. खरा वेळ जातो तो जाळाची उष्णता पत्र्यात शिरायला, आणि तिथे धातूचं फारसं चालत नाही. मधल्या नळकांड्यावर काजळी धरली की दोन्ही बंब सारखेच लाकूड खातात. जळणाचा मुद्दा सोडून द्या.

किंमत? तांब्याचा बराच महाग. पण गळायला लागला तरी मोडीत चांगले पैसे येतात. स्टीलच्या मोडीला त्या मानाने फारच कमी मिळतात.

दुरुस्तीत तांबं सरस. सुटलेला सांधा तांबट झाळून देतो (जवळपास तांबट उरला असेल तर!). पातळ स्टीलला वेल्डिंगवाले कुरकुर करतात. बोअरचं पाणी जड असेल तर क्षार दोन्हीत साचणार. चकाकी हवी तर तांब्याला चिंच-मीठ लावून घासणं आलंच.

घरचं जळण, मोकळं अंगण आणि रोजचा वापर असेल तर तांब्याचा घ्या. भाड्याचं घर, फक्त थंडीपुरती गरज किंवा घासायला माणूस नाही, तर स्टीलचा पुरे. बंद न्हाणीघरात ठेवणार असाल तर मात्र दोन्ही नकोत. कोंडलेला धूर जिवावर बेततो. तिथे गॅस गिझरही बाहेरच हवा, म्हणून सोलर बघा.