हेडसेटमध्ये ओळख कशी पटवावी: बुबुळाने की नजरेच्या चालीने?

आभासी दृश्यं दाखवणारा हेडसेट चष्म्यासारखा डोळ्यांवर चढवायचा असतो. अशा काही हेडसेटच्या आत डोळ्यांवर रोखलेले इन्फ्रारेड एलईडी आणि छोटे कॅमेरे असतात. त्यांच्या जोरावर माणूस दोन तऱ्हांनी ओळखता येतो.

मायक्रोसॉफ्टचा होलोलेन्स २ (२०१९) आणि ॲपलचा व्हिजन प्रो (२०२४) बुबुळ तपासतात. इन्फ्रारेड प्रकाशाला डोळ्यांना रंग देणारं मेलॅनिन फारसं आडवं येत नाही, त्यामुळे काळ्याभोर डोळ्यांतलीही बुबुळाची वीण स्पष्ट उमटते. संगणकशास्त्रज्ञ जॉन डॉगमन यांच्या पद्धतीत तिचा २०४८ बिटांचा संकेत बनतो. काम क्षणात होतं, चूक क्वचितच. पण हा संकेत चोरीला गेला, तर नवं बुबुळ कुठून आणणार?

नजरेच्या चालीची तऱ्हा वेगळी. नजर सलग सरकत नाही. उडी मारते, थबकते, पुन्हा उडी मारते. उडीचा वेग, थांबण्याचा काळ, वाचताना मागे वळण्याची सवय माणसागणिक वेगळी. त्यामुळे वापर चालू असेपर्यंत ओळख आपोआप तपासत राहता येते. मात्र प्रयोगशाळेतली यंत्रं सेकंदाला १००० नोंदी घेतात, तर व्हाइव्ह प्रो आयसारखा हेडसेट १२०. थकव्यानेही चाल बदलते. अचूकतेत ही पद्धत मागेच आहे.

लॉगिनसाठी मी बुबुळच निवडेन. खरी धास्ती मला दुसऱ्या पद्धतीची वाटते, कारण नजरेची कच्ची नोंद हाती लागलेलं कुठलंही ॲप नाव न विचारता माणूस ओळखू शकेल. व्हिजन प्रोमध्ये आपण कुठे पाहतोय हे ॲपला कळत नाही. बोटांच्या चिमटीने काही निवडलं, की निवड तेवढी कळते. हे बंधन प्रत्येक हेडसेटवर हवंच.