प्लांटेड टँकचं खत: ईआय, पीपीएस-प्रो, लीन डोसिंग की तयार बाटली?

खत कुठलं घ्यायचं हे नंतर बघू. आधी सांगा, दर आठवड्याला झाडं लावलेल्या माशांच्या टँकमधलं किती पाणी तुम्ही खरोखर बदलता? निम्मं, एखादी बादली, की एप्रिल-मेमध्ये सोसायटीत टँकर सुरू झाले की थेंबभरही नाही? आणि झाडांसाठी कार्बन डायऑक्साइड सोडणारा सीओटू सिलिंडर लावलाय का? एवढं ठरलं की निम्मी निवड आपोआप होते. मग झाडं कुठली लावलीत याने फार फरक पडत नाही.

हिशोबासाठी एकच टँक धरू. माती-दगड वजा जाता १०० लिटर पाणी.

ईआय: भरपूर घाला, आठवड्याला निम्मं पाणी बदला

एस्टिमेटिव्ह इंडेक्स, म्हणजेच ईआय, ही प्लांटेड टँकचे अभ्यासक टॉम बार यांची पद्धत. मोजत बसू नका, झाडांना कधीच काही कमी पडणार नाही इतकं द्या, आणि साठलेलं रविवारी निम्म्या पाण्याबरोबर फेकून द्या, असा तिचा साधा हिशोब. आपल्या टँकला आठवड्यातून तीनदा १.२ ग्रॅम पोटॅशियम नायट्रेट आणि ०.२ ग्रॅम मोनोपोटॅशियम फॉस्फेट, मधल्या दिवशी सूक्ष्म अन्नद्रव्यं (लोह, जस्त वगैरे). दर वेळी साधारण ७.४ पीपीएम (लिटरमागे मिलिग्रॅम) नायट्रेट पडतं, आठवड्याला २२.

साठत जाण्याची भीती सगळ्यांनाच वाटते. पण झाडांनी काहीच खाल्लं नाही असं धरलं, तरी दर आठवड्याला निम्मं पाणी बदलणाऱ्याच्या टँकमधलं प्रमाण आठवड्याच्या डोसच्या दुपटीवर जात नाही. ३० टक्केच बदलणाऱ्याचं सव्वातीनपटीपर्यंत चढतं. पाणी न बदलणाऱ्याला वरची मर्यादाच नाही. म्हणून ज्याला निम्मं पाणी परवडत नाही, त्याने ईआयचे आकडे उचलू नयेत, मग सीओटू असो वा नसो.

दुसरी भीती शेवाळाची. १९९६ साली पॉल सियर्स आणि केव्हिन कॉनलिन यांनी फॉस्फेट आवळून ठेवलं की शेवाळ आवरतं असं मांडलं, आणि ते डोक्यात पक्कं बसलं. बार यांनी उलट मुद्दाम फॉस्फेट घालून दाखवलं. झाडं जोमात असलेल्या टँकमध्ये नुसत्या फॉस्फेटने शेवाळ येत नाही. काचेवर हिरवे कडक ठिपके धरतात ते बऱ्याचदा फॉस्फेट कमी पडल्यावर. माझं बोट आधी दिव्याकडे जातं, मग हेलकावणाऱ्या सीओटूकडे, खताकडे सगळ्यात शेवटी.

ईआयची खरी मजा खर्चात आहे. ही क्षारं म्हणजे द्राक्ष-डाळिंबवाले ठिबकमधून सोडतात तीच विद्राव्य खतं. कृषी सेवा केंद्रात १३:००:४५ मागा, ते पोटॅशियम नायट्रेट. ००:५२:३४ म्हणजे मोनोपोटॅशियम फॉस्फेट. एक किलो १३:००:४५ आपल्या टँकला पाच वर्षं पुरतं. ००:५२:३४ ची किलोची पिशवी तीस वर्षांवर जाते, म्हणजे मृत्युपत्रात कोणाच्या तरी नावावर करावी लागेल. चार टँकवाले मित्र मिळून घ्या.

पण दुकानदाराने "हे सगळ्यात भारी" म्हणून १९:१९:१९ पुढे केलं तर घेऊ नका. त्यातला बराचसा नायट्रोजन युरिया आणि अमोनियाच्या रूपात असतो. १२:६१:०० मध्येही अमोनियमच. शेतात उत्तम, टँकमध्ये माशांच्या जिवावर. फवारणीचं सूक्ष्म अन्नद्रव्यांचं मिश्रणही नको, त्यात लोहाच्या मानाने जस्त आणि तांबं जास्त असतं, आणि तांबं कोळंबीला सोसत नाही. सूक्ष्म अन्नद्रव्यं मात्र ॲक्वेरियमचीच घ्यावीत, तिथे काटकसर नको.

०.२ ग्रॅम दर वेळी मोजायची गरज नाही. ६० ग्रॅम पोटॅशियम नायट्रेट आणि १० ग्रॅम मोनोपोटॅशियम फॉस्फेट पाण्यात विरघळवून द्रावण ५०० मिली करा. त्यातलं १० मिली म्हणजे एक डोस. लोह त्याच बाटलीत मिसळू नका, फॉस्फेटशी जुळून तळाला बसतं.

पीपीएस-प्रो: रोज थोडं, पाणी कमी बदला

आपल्याकडे हिच्याबद्दल फार कमी बोललं जातं, आणि पाण्याची ओढ असलेल्या गावांना खरं तर हीच पद्धत सोयीची. एक लिटर द्रावणात ५९ ग्रॅम पोटॅशियम सल्फेट (दुकानात ००:००:५०), ६५ ग्रॅम पोटॅशियम नायट्रेट, ६ ग्रॅम मोनोपोटॅशियम फॉस्फेट आणि ४१ ग्रॅम मॅग्नेशियम सल्फेट. सगळं विरघळायला रात्रभर लागतं. १०० लिटरला रोज सकाळी २.६ मिली, म्हणजे सुमारे १ पीपीएम नायट्रेट. सूक्ष्म अन्नद्रव्यं वेगळ्या बाटलीतून, तीही रोज थोडी.

आठवड्याचं नायट्रेट ईआयच्या तिसऱ्या हिश्श्याइतकंच, त्यामुळे मोठ्या पाणीबदलाची सक्ती नाही. किंमत मोजावी लागते ती लक्ष ठेवण्याची. टीडीएस पेन (पाण्यात विरघळलेले एकूण क्षार मोजणारं) आणि नायट्रेट टेस्ट जवळ हवी. उन्हाळ्यात पाणी भराभर उडतं, वरून बोअरचं पाणी भरत राहिलात तर खताने नाही, त्या पाण्यातल्या क्षारांनीच टीडीएस चढतो. आकडा दर महिन्याला वर सरकत असेल तर पाणी बदलावंच लागेल. शिवाय रोजचं काम. चार दिवस गावाला गेलात तर फार बिघडत नाही, पण मुळातच विसराळू माणसाला ही पद्धत झेपणार नाही.

लीन डोसिंग आणि तयार बाटली

प्लांटेड टँक सजवणारे जपानी कलाकार ताकाशी अमानो (१९५४–२०१५) यांच्या टँकची शैली डोळ्यापुढे असेल, तर त्यात पोषण मुख्यतः मातीत असतं आणि पाण्यात जपून दिलं जातं, हेच लीन डोसिंग. हे ॲक्वासॉइल, म्हणजे टँकसाठीची पोषक माती, असेल तरच जमतं. नुसत्या नदीच्या वाळूवर लीन म्हणजे उपाशी. पहिले काही आठवडे माती अमोनिया सोडते, तेव्हा पाणी वारंवार बदलावं लागतं आणि मासे घाईने सोडता येत नाहीत. मातीतलं सरलं की मुळाशी रूट टॅब, म्हणजे खताच्या गोळ्या, खोचायच्या. मोबदल्यात लाल रंग मिळतो. रोटाला रोटुंडिफोलिया ही वनस्पती नायट्रेट कमी असताना जास्त लाल होते, ईआयमध्ये तीच भराभर वाढते पण हिरवट-नारिंगी राहते. रंगासाठी वाढीचा वेग सोडायची तयारी असेल तर लीन, नाहीतर नको.

आणि बाटली. तिला नाकं मुरडणारे खूप आहेत, मी त्यांच्यातला नाही. दोन फुटी टँक, साधा दिवा, सीओटू नाही, जावा फर्न, अनुबियास, क्रिप्टो अशी झाडं, आठ-दहा मासे. एवढ्यासाठी वजनकाटा विकत घेणं हौसेचा भाग झाला. फक्त लेबल वाचा. ट्रॉपिका कंपनीच्या प्रीमियममध्ये नायट्रोजन-फॉस्फरस नाही, स्पेशलाइज्डमध्ये आहे. मासे भरपूर असतील तर खाद्यातून ते दोन्ही मिळतातच, तिथे प्रीमियम पुरतं. सीकेम कंपनीचं फ्लरिश अनेक जण पूर्ण खत समजून घालतात, पण त्यात नायट्रोजन-फॉस्फरस नावापुरते, मुख्यतः सूक्ष्म अन्नद्रव्यंच. लेबलवरच्या डोसच्या निम्म्याने सुरुवात करा. टँक मोठा झाला की मात्र बाटलीत आपण मुख्यतः पाण्याचे पैसे देतोय हे लक्षात येतं.

बोअरच्या पाण्याचा पीएच बऱ्याचदा चढा असतो, म्हणून बोअरवाल्यांनी लोहाकडे वेगळं बघायला हवं. लोह विरघळलेलं राहावं म्हणून ते ईडीटीए, डीटीपीए किंवा ईडीडीएचए या रसायनांत बांधलेलं असतं. ईडीटीएमधलं लोह पीएच साडेसहाच्या वर गेला की टिकेनासं होतं, डीटीपीए साडेसातपर्यंत धरतं. ईडीडीएचए त्याहून वर चालतं, पण पाणी लालसर करतं. धरणाचं मऊ पाणी पिणाऱ्या मुंबईत अडचण उलटी असते, तिथे कॅल्शियम-मॅग्नेशियम वेगळं घालावं लागतं.

माझी शिफारस विचाराल तर: सीओटू आणि मुबलक पाणी असेल तर ईआय, सीओटू आहे पण पाणी मोजून येतं तर पीपीएस-प्रो, ॲक्वासॉइल आणि लाल झाडांची हौस असेल तर लीन, सीओटू नाही तर बाटली. पद्धत बदललीत तर जुन्या पानांवरून निकाल लावू नका. भोकं पडलेलं, पिवळं झालेलं पान सुधारत नाही, ते कापून टाका. तीन-चार आठवड्यांनी शेंड्याची नवी पानं कशी येतायत ते बघा. मधल्या काळात दिव्याचे तास बदलू नका, नाहीतर फरक खताने पडला की उजेडाने, ते कळणारच नाही.