कृती समिती, नोंदणीकृत मंच की मोठ्या संघटनेची साथ? नाशिकमधल्या लहान संस्थांसाठी तुलना

सकाळी सातच्या सुमारास गिरणाऱ्याला गेलात तर मजूर बाजार भरलेला दिसेल. पेठ, सुरगाणा, हरसूलकडून आलेली माणसं द्राक्षबागांच्या कामासाठी जीप-टेम्पोत चढत असतात. काही जण पुढे नाशिक शहरात बांधकामावर जातात. या माणसांसाठी काम करणाऱ्या लहान संस्था जिल्ह्यात बऱ्याच आहेत. कोणी मुलांच्या शाळेचं बघतं, कोणी बायकांच्या आरोग्याचं, कोणी बुडालेली मजुरी मिळवून देतं. प्रत्येकीने आपापलं निवेदन दिलेलं असतं आणि प्रत्येकीकडे पोचपावत्यांची जाड फाईल असते. धोरण मात्र जागचं हलत नाही.

मग कोणीतरी म्हणतं, "एकत्र येऊया." आणि लगेच दुसरा प्रश्न येतो: कसं? हा प्रश्न मला दर दोन-तीन महिन्यांनी कोणी ना कोणी विचारतं. अशा तिन्ही प्रकारच्या जमवाजमवीत मी बसले आहे, म्हणून तिन्ही शेजारी शेजारी ठेवून सांगते.

आधी एक काम करा. मागण्यांचा कागद घ्या आणि प्रत्येक मागणीसमोर लिहा, ही कोणाच्या सहीने सुटते? शहरात मजूर कामासाठी उभे राहतात त्या नाक्यावर पाणी, शौचालय आणि रात्रीचा निवारा हवा असेल तर ती सही महापालिका आयुक्तांची. गिरणाऱ्यातल्या सोयीसाठी आधी ग्रामपंचायत. आश्रमशाळा आणि वसतिगृहांचं बरंचसं काम आदिवासी विकास आयुक्तालयाकडे. हे राज्याचं कार्यालय आपल्या नाशिकमध्येच आहे आणि आपण ते नेहमी विसरतो. बांधकाम कामगार मंडळाच्या नोंदणीसाठी वर्षात ९० दिवस काम केल्याचा दाखला लागतो. रोज वेगळ्या मुकादमाकडे जाणाऱ्याला तो द्यायचा कोणी? हा नियम सोपा करायचा तर मुंबई गाठावी लागते. आणि १९७९ चा स्थलांतरित कामगारांचा कायदा एका राज्यातून दुसऱ्या राज्यात नेलेल्या मजुरांपुरताच होता. सुरगाण्याहून नाशिकला आलेला माणूस त्यात कुठेच बसला नाही. ही मागणी थेट कायदा करण्याची, म्हणजे वर्षानुवर्षांची. एकाच कागदावर पाच टेबलं निघाली. कुठल्या टेबलाशी भिडायचं हे ठरल्याशिवाय आघाडीचा साचा ठरवू नका.

कृती समिती

एक मागणी, एक निमंत्रक, पंधरा-वीस संस्थांच्या सह्या. आठवड्याभरात उभी राहते. नोंदणी नाही, खातं नाही, चहापाण्याचा खर्च वर्गणीतून. महापालिका किंवा जिल्हाधिकारी कार्यालयातलं काम असेल तर यासारखं दुसरं हत्यार नाही. सिंहस्थासाठी रस्ते, घाट, साधुग्रामची कामं घाईने सुरू आहेत. अशा कामांचे निर्णय झटपट होतात, घटना-नियमावली लिहीत बसलात तर गाडी निघून जाईल.

तिची कमजोरी मी जवळून पाहिली आहे. काही वर्षांपूर्वी आमच्या समितीची एका मोठ्या अधिकाऱ्यांसोबत चांगली दीड तास बैठक झाली. तीन गोष्टी मान्य झाल्या, आम्ही आनंदाने बाहेर पडलो. इतिवृत्त कोणीच मागितलं नाही आणि आमच्यापैकी कोणी लिहूनही ठेवलं नाही. दोन महिन्यांनी ते अधिकारी बदलून गेले. नव्या साहेबांनी शांतपणे विचारलं, "असं कुठे ठरलंय?" दाखवायला आमच्याकडे एक फोटो होता फक्त. त्याचं मला आजही वाईट वाटतं, कारण त्या तीन गोष्टींतली एक होती मुलांच्या हंगामी वसतिगृहाची.

दुसरी अडचण नावांची. समितीच्या पत्रकावर सगळ्यांची नावं छापली जातात आणि मजकूर मात्र एक-दोघं ठरवतात. एकदा आमच्या संस्थेचं नाव अशा मागणीखाली आलं की जिला आमच्या वस्तीतल्या बायकांचा स्पष्ट विरोध होता. त्यांना तोंड दाखवायला मला चार दिवस लागले. तेव्हापासून मी एक पानाचा करार केल्याशिवाय सही करत नाही. त्यात चारच गोष्टी असतात: मागणीचे नेमके शब्द, पत्रकारांशी कोण बोलणार, मजकूर बाहेर जाण्याआधी किती तासांत सगळ्यांना दाखवणार, आणि बाहेर पडायचं असेल तर कसं. भांडण झालंच तर बहुतेक वेळा चौथ्यावरून होतं.

नोंदणीकृत मंच किंवा महासंघ

हा मार्ग दिसायला भारदस्त. १८६० च्या संस्था नोंदणी कायद्याखाली किमान सात सदस्य लागतात आणि १९५० च्या विश्वस्त व्यवस्था कायद्याखाली धर्मादाय कार्यालयात नोंद होते. मग दरवर्षी ऑडिट. विश्वस्त बदलला की ९० दिवसांत चेंज रिपोर्ट. त्यावर कोणी हरकत घेतली की तारखा. ज्या संस्थांना स्वतःचाच चेंज रिपोर्ट वेळेवर भरता येत नाही, त्यांनी मिळून आणखी एक संस्था काढावी का, याचा शांतपणे विचार करा.

पैशाचं गणितही बदललं आहे. पूर्वी एका मोठ्या संस्थेला परदेशी निधी मिळायचा आणि ती तो लहान संस्थांमध्ये वाटायची. कितीतरी मंच याच पायावर उभे होते. परदेशी निधीच्या कायद्यात सप्टेंबर २०२० मध्ये झालेल्या दुरुस्तीनंतर असा निधी दुसऱ्या कुठल्याही संस्थेकडे वळता करता येत नाही, आणि प्रशासकीय खर्चाची मर्यादा ५० टक्क्यांवरून २० टक्क्यांवर आली आहे. "मंच काढू, निधी येईल, वाटून घेऊ" असं कोणी सांगत असेल तर त्यांना हा नियम दाखवा.

मग मंचाचा फायदा काय? स्मरणशक्ती. सचिव बदलले, मंत्री बदलले, तरी फाईल कोणाच्या तरी कपाटात असते. विधेयकाचा मसुदा आला की हरकती-सूचनांच्या मुदतीत कलमवार टिपण पाठवणारा एक माणूस पगारावर ठेवता येतो. अधिवेशनाआधी आमदारांना तारांकित प्रश्न किंवा लक्षवेधीसाठी (सभागृहात सरकारकडून उत्तर मागायचे हे मार्ग) माहिती पुरवणं, पंचवटी एक्सप्रेसने मंत्रालय गाठून त्याच कक्ष अधिकाऱ्याला पाचव्यांदा भेटणं, ही कामं उत्साहावर चालत नाहीत. कायदाच बदलून घ्यायचा असेल तर असं काहीतरी कायमचं लागतं.

कायमचं म्हणजे नोंदणीकृतच, असं मात्र नाही. २००१ साली पीयूसीएल या नागरी हक्कांसाठी लढणाऱ्या संघटनेने सर्वोच्च न्यायालयात अन्नाच्या हक्काची याचिका केली आणि तिच्याभोवती देशभर अन्न अधिकार अभियान उभं राहिलं. ते सैल जाळंच राहिलं. सामील होणाऱ्यांनी मान्य करायचं एक पायाभूत निवेदन होतं आणि सुकाणू समिती होती. अन्नसुरक्षा कायदा २०१३ मध्ये आला. बारा वर्षं टिकायला त्यांना समान मजकूर उपयोगी पडला, लेटरहेड नव्हे.

मोठ्या संघटनेच्या मागे उभं राहणं

नाशिककरांना याचं उदाहरण शोधावं लागत नाही. ६ मार्च २०१८ ला किसान सभेचा लाँग मार्च इथून निघाला. सुमारे १८० किलोमीटर चालून हजारो शेतकरी, त्यात वनजमीन कसणारे आदिवासी मोठ्या संख्येने, १२ मार्चला मुंबईत आझाद मैदानावर पोहोचले. दहावीच्या मुलांची परीक्षा अडू नये म्हणून शेवटचा टप्पा ते रात्रीच चालले. त्या दिवशी मुंबईकरांनी त्यांना पाणी आणि चपला दिल्या, आणि सरकारने लेखी आश्वासन दिलं. इतकी ताकद पन्नास लहान संस्थांच्या सह्यांना कधीच येणार नाही.

पण पुढचंही बघा. फेब्रुवारी २०१९ मध्ये पुन्हा निघावं लागलं, मार्च २०२३ मध्ये दिंडोरीहून पुन्हा. २०२३ चा मोर्चा वासिंदला थांबला. वनहक्काच्या मागण्या प्रत्येक वेळी यादीत होत्या. २००६ चा वनहक्क कायदा हाताशी असतानाही कसत असलेल्या जमिनीचा दावा गावपातळीवर तपासला जातो, उपविभागीय समितीत अडतो, अपिलात जातो. लेखी आश्वासन मिळाल्यावर दाव्यागणिक पाठपुरावा करणारी माणसं तालुक्यात लागतात, आणि इथेच लहान संस्था मोठ्या संघटनेला खरोखर उपयोगी पडू शकते. तुमच्याकडे नकाशे, दाव्यांच्या याद्या, माणसांची ओळख आहे. त्यांच्याकडे रस्ता आहे. हा सौदा मानाचा आहे.

किंमतही आहे. अजेंडा त्यांचा असेल, तुमची मागणी यादीत अकरावी येईल आणि वाटाघाटीत आधी सोडली जाऊ शकते. संघटनेचा झेंडा राजकीय असेल तर तुमच्या संस्थेकडेही त्याच नजरेने पाहिलं जाईल. वस्तीतल्या लोकांना हे चालणार आहे का, ते विश्वस्तांच्या आधी वस्तीला विचारा.

मग निवड कशी करावी

वेगात कृती समितीला तोड नाही, मंच सगळ्यात मंद. जिंकल्यानंतर टिकण्यात उलटं. दबावात मोठी संघटना दोघांच्या पुढे, आणि तुमचा स्वतःचा आवाज सगळ्यात बारीक तिथेच.

तुम्हाला हवी ती सही महापालिकेत किंवा जिल्ह्यात मिळणार असेल तर कृती समिती करा, एक पानाच्या करारासह, आणि तिला संपायची तारीख द्या. मागणी आयुक्तालयातली किंवा मंत्रालयातल्या शासन निर्णयाची असेल तर तीच समिती चालू ठेवा. फक्त एका संस्थेने कपाट आणि अर्धवेळ माणूस द्यायचा, बाकीच्यांनी त्याचा पगार वाटून घ्यायचा. कायदा बदलायचा असेल तरच मंचाचा विचार करा, आणि तोही दोन वर्षं नोंदणीशिवाय एकत्र काम केल्यावर. माझं स्पष्ट मत आहे की नाशिकमधल्या दहापैकी आठ संस्थांना नोंदणीची गरज नाही.

तिन्ही साच्यांत एक गोष्ट मात्र मी सोडत नाही. शिष्टमंडळात पाच खुर्च्या असतील तर दोन नाक्यावरच्या माणसांच्या. त्यांची दिवसाची मजुरी समितीच्या वर्गणीतून द्यायची आणि बैठकीची वेळ दुपारनंतरची मागायची, कारण सकाळी सातला ते गिरणाऱ्यात असतात.